शिपायांना सगळे लालच कशाला?

आमच्या पेडणे-डिचोलीकडे गुड फ्रायडेच्या देखाव्याची तयारी सुरू झाली की पहिला खर्च निघतो रोमी शिपायांच्या लाल सॅटिनचा. दशावतारातल्या राजाला ती झळाळी शोभते. पिलाताच्या शिपायांना नाही, असे आम्हांला वाटते.

रोमी सैन्यात लाल कापड होते, पण सगळे शिपाई लाल नव्हते. इ. स. 138 मध्ये इजिप्तमधल्या विणकरांना सैन्यासाठी कापड विणण्याचा हुकूम आला, तो पपायरस आजही आहे. अंगरखा पांढरा, झगेही पांढरे. शिवाय यहूदियातले शिपाई बहुतेक रोमचे नव्हतेच. कैसरिया-शोमरोनकडून भरती झालेले, पगारावर जगणारे लोक.

आता मत्तय 27 उघडा. शिपायांनी येशूला किरमिजी झगा घातला. तिथला मूळ ग्रीक शब्द लष्करी झग्याचा आहे, म्हणजे तो कुणा शिपायाच्याच खांद्यावरचा असावा. मार्क आणि योहान त्याला जांभळा म्हणतात. जांभळा रंग समुद्री शंखांतून काढलेला, महागडा, राजेलोकांचा. शिपायाकडे तो कुठला? थट्टेतल्या राजाला विटका लालच जांभळा!

सगळेच लाल असतील तर हा झगा दिसणार कसा? आमच्याकडे पाहायला येणाऱ्यांत हिंदू शेजारीही पुष्कळ; त्यांनी शुभवर्तमान वाचलेले नसते, जे दिसते तेच घेऊन ते घरी जातात. म्हणून यंदा शिपायांना साधा मांजरपाट द्यावा. लाल झगा एकच, तोही एका शिपायाने सर्वांसमोर स्वतःच्या खांद्यावरून काढून प्रभूला घालावा. शिपाई मग आपल्यातलेच दिसतील. काहींना ते रुचणार नाही. मांजरपाट मात्र धुऊन पुढच्या वर्षीही चालतो.