हॉलची किल्ली शेवटी



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून अरेरा कॉलोनीतल्या ओळखीच्या घरांमधून मला एकच प्रश्न येतोय. "अरे, आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढत नाही. टीपीएम २.० नाही म्हणतंय. हे टीपीएम काय भानगड आहे?" एका काकांना तर तो नवा टॅक्स वाटला होता.

टीपीएम म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मोड्यूल. मदरबोर्डवर बसवलेली नखाएवढी चिप. हल्ली बऱ्याच मशीनमध्ये ती वेगळी नसते, प्रोसेसरच्या आतच हे काम होतं. ही चिप म्हणजे घरातली छोटी तिजोरी. डिस्कवरची सगळी माहिती ज्या किल्लीने कुलूपबंद केलेली असते, ती किल्ली हिच्या ताब्यात. मशीन सुरू होताना सगळं नेहमीसारखं दिसलं तरच ती किल्ली बाहेर देते. चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर त्याच्या हाती निव्वळ कचरा.

पण तिजोरीच बदलली तर मालकाचीही तीच गत होते. ओळखीतल्या एकांचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला, मदरबोर्ड बदलून परत आला, आणि सुरू करताच पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागला. कुलूप लावल्याचं घरात कोणालाच माहीत नव्हतं. नशीब, खातं पुण्याच्या मुलीच्या नावाने होतं. तिने आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ते आकडे शोधले आणि फोनवर वाचून दाखवले. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवीन मशीन सुरू केलं की हे कुलूप बहुधा आपोआपच लागतं. तेव्हा मंडळी, हे ४८ आकडे आजच कागदावर उतरवा आणि लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवा.

आता माझ्या रोजच्या पोटापाण्याच्या विषयाकडे येतो. या चिपशी ऑपरेटिंग सिस्टिम बोलते ती ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅममार्फत. विंडोजचा ड्रायव्हर कसा लिहिलाय ते आपल्याला बघायला मिळत नाही, लिनक्सचा मिळतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ पासून टीपीएमचे ड्रायव्हर आहेत. ते वाचायला बसलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. खरं काम थोड्या ओळींत होतं. बाकी सगळं "हे जमलं नाही तर काय करायचं" याबद्दल असतं.

मंडळाचा कार्यक्रम डोळ्यांपुढे आणा. आधी हॉलची किल्ली घेतली, मग माइक आणि स्पीकर आत आणून लावले, मग खुर्च्यांना फोन केला, आणि खुर्चीवाला म्हणाला, आज जमणार नाही. कार्यक्रम रद्द. आता आवरायचं कसं? आधी स्पीकर बाहेर काढायचे, मग किल्ली परत करायची. घाईत किल्ली आधी दिली तर स्पीकर आत अडकले. ड्रायव्हरचंही अगदी तसंच. आधी मेमरी घ्यायची, मग चिपचे रजिस्टर जोडायचे, मग चिपने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून इंटरप्टची ओळ घ्यायची, आणि शेवटी नाव नोंदवायचं. नोंदणी फसली तर बरोबर उलट्या क्रमाने मागे यायचं. मेमरी आधी सोडली आणि इंटरप्ट तसाच राहिला, तर चिप हाक मारते आणि ड्रायव्हर आपल्या नसलेल्या जागेत हात घालतो. मशीन कोसळलं तर नशीब म्हणायचं. न कोसळता कोणी त्याचा फायदा घेतला तर जास्त वाईट.

सी भाषेत हे उलटं आवरणं हाताने लिहावं लागतं, आणि त्यासाठी कर्नलवाले सर्रास गो-टू वापरतात. इंजिनिअरिंगला आम्ही गो-टू लिहिलं की सर मार्क कापायचे. कर्नलच्या लेखननियमांत मात्र आवराआवरीसाठी तेच सुचवलंय. मला सरांपेक्षा कर्नलवाल्यांचं पटतं.

टीपीएममध्ये आणखी एक खास मेख आहे. लिनक्समध्ये शून्य म्हणजे काम झालं आणि ऋण आकडा म्हणजे चूक. पण टीपीएम चिपचे स्वतःचे चुकीचे आकडे धन असतात. म्हणजे मधल्या एखाद्या फंक्शनने "ऋण आहे का?" एवढंच तपासलं, तर चिपने दिलेला स्पष्ट नकार यशासारखा पुढे सरकतो. सुरक्षेच्या कामात याहून वाईट काय! म्हणून चिपचा आकडा बाहेर जाण्याआधी लिनक्सच्या भाषेत बदलून द्यावा लागतो. दिसायला दोन ओळी असतात, पण त्या प्रत्येक ठिकाणी लिहिलेल्या असाव्या लागतात.

इंटरप्टची तर मोठी गंमत झाली. २०२३ मध्ये या ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट नीट चालू केले, आणि काही लॅपटॉपवर नको इतक्या हाका येऊ लागल्या. दाराची बेल अडकून वाजतच राहावी तशा. मग "१००० हाका कोणाच्याच कामाच्या निघाल्या नाहीत, तर इंटरप्ट बंद करून चिपला अधूनमधून स्वतःच विचारत राहा" अशी सोय घातली. पुढे इंटरप्ट मुळातच बंद ठेवले, ज्याला हवेत त्याने चालू करावेत. काही लोकांना ही माघार वाटली. मला नाही वाटत. बाजारातलं हार्डवेअर जसं आहे तसं धरूनच ड्रायव्हर लिहावा लागतो.

आवराआवरीत पुसणंही आलं. किल्ली ज्या मेमरीत होती ती जागा नुसती सोडून चालत नाही. पुढच्या भाडेकरूला भिंतीवर आपला एटीएमचा पिन सापडायला नको. शून्य भरून मगच सोडायची. पण ही मेमरी आता कोणी वाचणार नाही म्हटल्यावर कंपायलर ते पुसणंच निरुपयोगी समजून गाळू शकतो. त्यासाठी कर्नलमध्ये मुद्दाम वेगळी फंक्शन आहेत. पुसून सोडणाऱ्या एका फंक्शनचं नाव २०२० मध्ये बदलून "सेन्सिटिव्ह" असा शब्द त्यात घातला, म्हणजे ते कशासाठी वापरायचं हे वाचणाऱ्याला लगेच कळावं.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे कोणी काम करत असतानाच चिप काढली जाणं. खरी चिप सहसा निघत नाही, पण व्हर्च्युअल मशीनमधली खोटी चिप केव्हाही नाहीशी होते. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसलेला असतो आणि मागची मेमरी मोकळी झालेली असते. अशीच एक चूक २०२२ मध्ये व्हर्च्युअल टीपीएमच्या ड्रायव्हरमध्ये नोंदली गेली. उपाय दोन. कितीजण आत आहेत ते मोजत राहायचं आणि शेवटचा बाहेर पडल्यावरच जागा सोडायची. आणि चिप जाताना कुलूप घेऊन आधी "दुकान बंद" अशी पाटी लावायची, म्हणजे उशिरा आलेल्याला एरर मिळतो, पण तो खड्ड्यात पडत नाही.

२०२३ पासून कर्नलमध्ये आपोआप आवरण्याचीही सोय आली आहे. व्हेरिएबल कामातून गेलं की त्याची जागा आपसूक सुटते. नव्या कोडमध्ये मी ती आनंदाने वापरतो. पण चालत्या जुन्या ड्रायव्हरमध्ये केवळ छान दिसावं म्हणून ती घुसवू नये, आणि एकाच फंक्शनमध्ये गो-टू आणि ही नवी पद्धत तर मुळीच मिसळू नये. निम्मं सामान मंडपवाला नेणार आणि निम्मं आपण, असं ठरलं की एखादी सतरंजी दोघांच्याही हिशेबात येते. मग ती दोनदा परत होते, नाहीतर हॉलमध्येच पडून राहते.