भाभीच्या भुवया आणि आपली जीभ



दोन वर्षांपूर्वीच्या पर्युषणातली गोष्ट. प्रतिक्रमण संपलं होतं आणि आम्ही आठ-दहा जणी बाहेर चपला शोधत होतो. तलासरीहून माझी भाभी आली होती. तिच्याकडे बघून एक जण म्हणाली, "पन्नाशी उलटली, अजून आयब्रो करतेस? तिकडे साध्वीजी लोच करतात आणि आमची भाभी दोरा फिरवते!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

भाभीने त्या दिवसापासून पार्लर सोडलं. चैत्री ओळीला मी तिच्याकडे गेले तेव्हा तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, आवाज जड झाला होता आणि भुवयांची बाहेरची टोकं जवळजवळ गेली होती. घरात सगळे म्हणत होते, आयंबिलाचा अशक्तपणा आहे. वापीच्या डॉक्टरांनी आधी भुवया बघितल्या, मग टीएसएचची तपासणी करायला सांगितली. थायरॉइड फारच मंदावलं होतं. "भुवया कधीपासून अशा?" या प्रश्नाला भाभीकडे उत्तर नव्हतं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बेन, मी आरशात बघायचंच सोडलं होतं." आणि नंतर कळलं की पार्लरच्या मुलीने तिला पर्युषणाआधीच सांगितलं होतं, "आंटी, टोकाला केस कमी झालेत."

म्हणजे जिचं लक्ष होतं तिच्याकडे जाणं आम्ही बंद केलं, तेही धर्माचं नाव घेऊन. म्हणून आज मला भांडायचं आहे.

पहिलं भांडण लोचावरून. भगवान महावीरांनी दीक्षा घेताना पंचमुष्टी लोच केला. आजही महाराजसाहेब हाताने केस उपटतात, तो देहाची माया सोडण्याचा आचार आहे. तलासरीच्या हायवेवरून पहाटे विहार करणाऱ्या साध्वीजी दिसल्या की आपले हात आपोआप जोडले जातात. पण तो त्यांचा आचार आहे, त्यांनी स्वतः पत्करलेला. त्याची काठी करून दुसऱ्या श्राविकेला मारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? श्राविकेची बारा व्रतं वेगळी आहेत. सातव्या व्रतात भोगोपभोगाची मर्यादा जिची तिने ठरवायची असते. अकराव्या पौषध व्रतात आहाराबरोबर शरीर-सत्काराचाही त्याग असतो, तो पौषधापुरता. रोजच बंदी असती तर त्यासाठी वेगळं पच्चक्खाण कशाला लागलं असतं?

आणि आरसा म्हणजे पाप, हे कुठून आलं? पाठशाळेत आपण भरत चक्रवर्तींची कथा ऐकली आहे. आरीसाभवनात उभे असताना बोटातली अंगठी गळून पडली, उघडं बोट दिसलं, मग एकेक दागिना उतरवत गेले आणि तिथेच केवळज्ञान झालं. आरशासमोरच! तिथे काय बघतो आणि काय विचार करतो, यावर सगळं असतं.

दुसरं भांडण वयाचं. मुलीच्या लग्नात आईने भुवया कोरल्या तर चालतं. तीच बाई सासू झाली, किंवा विधवा झाली, की "आता कुणाला दाखवायचंय?" पुरुषांच्या भुवयांचे केस वयाबरोबर लांब आणि जाड होतात, न्हावी त्यावर कात्री फिरवतो, त्यांना कुणी वय विचारत नाही. बाईच्या मात्र पाळी थांबल्यावर केस विरळ होतात, पांढरे होतात, मधेच एखादा तारेसारखा उभा राहतो. तो कापला म्हणून कोणतं व्रत मोडलं?

तिसरं भांडण मात्र पार्लरशी आणि जाहिरातीशी. आमच्या तरुणपणी रेघेएवढ्या भुवयांची फॅशन होती. वर्षानुवर्षं उपटून काहींची मुळंच मेली. तिथे एरंडेल चोळून केस येत नाहीत. आता त्याच जागेवर मायक्रोब्लेडिंग विकतात. ते गोंदणच आहे. तलासरीच्या बाजारात वारली आजीच्या कपाळावर गोंदण दिसतं, पण ती ते लपवण्यासाठी करत नाही. आपण मात्र केस का गेले हे न विचारता वर रंग भरतो. थायरॉइड असेल तर तो तसाच राहतो. पाळी थांबलेल्या बायकांना एक केसगळती होते, तिच्यात भुवया जातात आणि कपाळावरची केसांची रेघ मागे सरकते; कधी कधी भुवया आधी जातात. वेळेत त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलं तर ती थांबवता येऊ शकते, गेलेले केस परत येत नाहीत. कुष्ठरोगातही भुवया झडतात. "आपल्यात नसतं" म्हणू नका. आशाताई तपासणीला आल्या तर त्यांना दारातून परत पाठवू नका. हा आजार औषधाने बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ते औषध फुकट मिळतं.

आता आपल्या घरातली गोष्ट. पाणी गाळणाऱ्या, पीठ चाळणाऱ्या, सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या आपण. मध आपल्याला महाविगई. मग भुवईच्या पेन्सिलीत काय आहे ते कधी वाचलं? 'बीजवॅक्स' किंवा 'सेरा अल्बा' म्हणजे मधमाशीचं मेण. 'कार्माइन' किंवा 'सीआय 75470' म्हणजे किडे चिरडून काढलेला लाल रंग. 'शेलॅक' लाखेच्या किड्याची, 'लॅनोलिन' मेंढीच्या लोकरीचं. ब्रशचे केसही प्राण्याचे असू शकतात. चपला शोधताना भाभीला हसलेल्या आम्हा सगळ्यांच्या कपाटात यातलं काही ना काही असणार. माझ्याच पेन्सिलीत मेण निघालं. भाभीचा तो सुती दोरा आमच्या पेन्सिलींपेक्षा कितीतरी अहिंसक होता!

आपल्याकडे यासाठी फार सुंदर शब्द आहे, जयणा. चूल पेटवताना, पाणी वापरताना, चालताना ठेवायची काळजी. तीच जयणा भुवईला लावा. महिन्यातून एकदा उजेडात बसून दोन्ही भुवया बघा. टोकं विरळ होत असतील, थकवा येत असेल, वजन वाढत असेल, थंडी जास्त वाजत असेल तर आधी डॉक्टर. दोरा करायचा असेल तर आकार न बदलता फक्त बाहेरचे केस काढा, आणि दोरा तोंडात धरणाऱ्या मुलीला तो मानेला बांधायला सांगा. रंग लावायचा असेल तर पाकीट वाचून घ्या. काहीच करायचं नसेल तर तेही उत्तम, पण ते तुम्ही ठरवा. चपलांपाशी उभ्या असलेल्या बायकांनी नाही.

भाभी रोज सकाळी रिकाम्या पोटी गोळी घेते. टोकांना थोडे केस परत आलेत. ती पुन्हा पार्लरला जाते. मागच्या संवत्सरीला मी तिची क्षमा मागितली तेव्हा ती म्हणाली, "बेन, तुम्ही हसलात ते मला जास्त लागलं होतं."

येत्या पर्युषणात चपला शोधताना आपण तोंडावर मुहपत्ती नसली तरी ती आहे असं समजून बोलूया.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.