वहीत उतरली तेवढी जमा

लोकगायकांची चरित्रे आपल्याकडे उधारीसारखी वाढत जातात. मुद्दल थोडे, व्याज अफाट! गायक जन्मला तो सुरात रडला, त्याच्या तानेने बैल थबकले, कोरड्या विहिरीला पाणी चढले. नातवाच्या तोंडून ऐकावे, तर गिरणेला पूरच आलेला असतो.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे चरित्र मात्र कोणतेही व्याज न लावता अद्भुत आहे. अक्षरओळख नसलेली ही माऊली शेतात नि जात्यावर गाणी रचीत असे. आज तिच्या नावाचे विद्यापीठ जळगावात पदव्या देते. हे कोणत्या अतिशयोक्तिकाराला सुचले असते?

पण हे सारे तरले ते एका वहीवर. पुत्र सोपानदेव यांच्याकडील टिपलेली गाणी आईच्या निधनानंतर आचार्य अत्र्यांपुढे आली आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. दहा हजार वर्षांच्या खाली हिशेब न करणारे अत्रे. त्यांनाही येथे पदरची भर घालावी लागली नाही. जी टिपली गेली नाहीत, ती गाणी बहिणाबाईंबरोबरच गेली.

आपण दिवाळीला वहीपूजन करतो. चार आण्यांची उधारी तीन पिढ्या विसरत नाही. मग आजीला मुखोद्गत असलेली स्तवने, लग्नातील गीते कोणत्या खात्यावर लिहिली आहेत? यंदा नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ असेलच; दुसरे पान आजीसाठी राखावे. बँकेतील ठेव वारसाला मिळते; न नोंदलेले गाणे कोणालाच मिळत नाही.