सूत्राआधीं चौकोन मोजा

पदार्थविज्ञानाच्या तासाला फळ्यावर त्वरण-काल आलेख काढला कीं, ‘अंतिम वेग म्हणजे आरंभवेग अधिक त्वरण गुणिले काल’ हें सूत्र आम्हां विद्यार्थ्यांच्या मुखांतून धडाधड बाहेर पडतें. सूत्र खरें आहे. परंतु त्वरण स्थिर असेल तेथेंच तें लागू पडतें, ही अट पाठांतरांत गळून जाते. म्हणून सूत्र पाठ करण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें आलेखाखालचे चौकोन मोजावयास शिकावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

एक उदाहरण घेऊं. स्थानकांतून आगगाडी निघाली. पहिले २० सेकंद तिचें त्वरण ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढें स्थिर राहिलें; पुढील २० सेकंदांत तें एकसारखें उतरत शून्यावर आलें. आतां ४० व्या सेकंदाला वेग किती? आलेखाची रेषा उतरली, तेव्हां गाडीहि मंदावली, असें पुष्कळजण म्हणतील. आलेख निराळेंच सांगतो. पहिल्या भागाखालीं आयत आहे. त्याचें क्षेत्रफळ १०. दुसऱ्या भागाखालीं त्रिकोण आहे. त्याचें क्षेत्रफळ ५. त्वरणास कालानें गुणिलें म्हणजे वेगाचें माप येतें. म्हणून गाडीचा वेग सेकंदास १५ मीटर, म्हणजे ताशीं ५४ किलोमीटर झाला. रेषा उतरत असतांनाहि वेग वाढतच होता. त्याची वाढ तेवढी मंदावली होती. पुढें चालकानें ब्रेक लाविला आणि त्वरण १५ सेकंद उणें १ राहिलें, तर अक्षाखालचें हें क्षेत्रफळ वजा होऊन गाडी थांबते.

कोणी म्हणेल, “परीक्षेच्या घाईंत चौकोन मोजीत कोण बसणार?” पण रेषा वांकडीतिकडी असली, तर पाठ केलेलें सूत्र तेथें काय कामाचें? चौकोन मात्र तेव्हांहि मोजतां येतात. ओरेम या फ्रेंच पंडितानें १४ व्या शतकांतच वेगाची आकृति काढून तिच्या क्षेत्रफळावरून कापलेलें अंतर दाखविलें. न्यूटनचें कलनशास्त्र त्यानंतर सुमारें तीनशें वर्षांनीं आलें. आधीं आकृति समजली, सूत्रें मागाहून आलीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. क्षेत्रफळ वेग सांगत नाहीं, वेगांतील बदल सांगतें. आजच्या विमानांतील यंत्रणा क्षणोक्षणींच्या त्वरणाची अशीच बेरीज करून वेग काढते. परंतु आरंभींचा वेग तिला आधीं ठाऊक असावा लागतो. शिवाय त्वरण मोजण्यांत ०.०१ एवढी चूक सतत राहिली, तर १०० सेकंदांत वेगांत सेकंदास १ मीटर चूक सांचते. तेथें गुण जात नाहींत, वाट चुकते.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं आलेख समोर आला म्हणजे स्मरणशक्तीस क्षणभर विश्रांति द्या व पेन्सिल हातीं घ्या. स्वतः मोजलेलें सूत्र विसरलें, तरी पुन्हां सांपडतें. नुसतें घोकलेलें हरवलें, म्हणजे हरवलेंच.