पुस्तक पालकांच्या हाती

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून हातात आले की दहावीच्या घरातलं वातावरण पालटतं. टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना 'परीक्षा झाली की या' असं सांगितलं जातं आणि 'अभ्यासाला बस' हे वाक्य उठता-बसता ऐकू येऊ लागतं. २०२५ साली राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा नेहमीपेक्षा लवकर, २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. जानेवारीत पूर्वपरीक्षा आटोपली तर उजळणीला उरतात जेमतेम चार-पाच आठवडे. राज्यभरातली १५ लाखांहून अधिक मुलं या परीक्षेला बसतात आणि त्यांच्या आईवडिलांपुढे एकच प्रश्न असतो : आपण नेमकं करायचं काय?

बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. पहारा द्यायचा. मूल टेबलाशी किती तास बसलं, किती वेळा उठलं, मोबाइल कितीदा हातात घेतला, याचा हिशेब ठेवायचा. पण पुस्तक उघडून तीन तास बसलेलं मूल तीन तास शिकत असेलच असं नाही. धडा तिसऱ्यांदा वाचला, ओळी हायलायटरने पिवळ्या केल्या की तो ओळखीचा वाटू लागतो. ओळखीचा वाटला म्हणजे आला, असा मुलांचा प्रामाणिक समज होतो. पेपर लिहिताना मात्र धडा समोर नसतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले गेले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले. काही एकदाच वाचून, कागद बाजूला ठेवून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं अधिक आठवलं. आठवड्यानंतर चित्र उलटलं : दोनदा वाचलेल्यातलं सुमारे ४२ टक्के आठवलं, तर लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हाही स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागणं या दोनच पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. पुन्हापुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं तळाशी गेलं.

पालकांचं खरं काम इथे सुरू होतं, आणि त्याला कोणतीही पदवी लागत नाही. पुस्तक आपल्या हाती घ्यायचं आणि विचारायचं.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडते आहे, शेजारी विज्ञान भाग १ उघडा, पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. ''चंद्रावर गेलीस तर तुझं वजन कमी होईल ना गं?'' ''हो, सहावा हिस्सा.'' ''आणि वस्तुमान?'' ''ते तेवढंच राहील.'' ''असं का?'' इथे मुलगी अडखळते. व्याख्या पाठ आहे, कारण सांगता येत नाही. ती पुस्तक ओढून घेते, परिच्छेद शोधते, स्वतःच्या शब्दांत समजावून सांगते. आईला या विषयातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालतं, उलट तिचे साधे प्रश्नच जास्त कामाला येतात. तोच प्रश्न दोन-तीन दिवसांनी आणि मग पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर धड्यांची नावं टाकली की कोणता धडा पुन्हा कधी विचारायचा, हे लक्षात राहतं.

पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकाही अशाच दोघांनी मिळून बघाव्यात. 'इतके कमी कसे?' हा प्रश्न त्या वेळी गिळून टाकावा. गेलेला प्रत्येक गुण तीनपैकी कुठल्या तरी रकान्यात बसतो : आलंच नाही, येत असून चुकलं, वेळ पुरला नाही. भूमितीत प्रमेय येत होतं पण पायरीपुढे कारण लिहिलं नाही, विज्ञानाच्या उदाहरणात एकक विसरलं, हे दुसऱ्या रकान्यातलं. त्यासाठी नवा क्लास नको, लिहून झाल्यावर उत्तर तपासायची सवय हवी. तिसऱ्या रकान्यासाठी घड्याळ लावावं. बीजगणित आणि भूमिती या प्रत्येकी ४० गुणांच्या पेपरला दोन तास असतात. रविवारी सकाळी वडिलांनी वेळ लावावी, घरातले सगळे मोबाइल, स्वतःचासुद्धा, दुसऱ्या खोलीत ठेवावेत आणि मुलाला अख्खा पेपर सलग सोडवू द्यावा.

झोपेच्या बाबतीत मात्र घरोघरी अन्याय होतो.

पहाटे केलेला अभ्यास लक्षात राहतो, या श्रद्धेपोटी रात्री बारापर्यंत जागलेल्या मुलाला चार वाजता उठवलं जातं. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रावैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. त्यात आळस नसतो. शिवाय दिवसभरात शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं. तेव्हा पहाटेचा गजर लावायचा असेल तर आधी रात्रीचा दिवा लवकर मालवायला हवा.

पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच 'किती पडतील?' असं विचारू नये. आत्याच्या मुलाला किती पडले होते, तेही काढू नये. झालेल्या पेपरातलं काहीच आता बदलता येत नाही. त्यापेक्षा जेवायला वाढावं, तासभर पडू द्यावं आणि मग पुढच्या पेपराकडे वळावं.

आणि एक गोष्ट निकालाच्या दिवसाची वाट न पाहता आत्ताच सांगावी : एखादा विषय राहिला तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते, वर्ष वाया जात नाही. मूल जेवेनासं झालं, रात्र-रात्र जागू लागलं, 'मला जमणारच नाही' असं वारंवार म्हणू लागलं, तर वेळापत्रक बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसावं. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो. तो मुलाला माहीत हवा, आणि तो फिरवायला घरच्यांची पूर्ण मुभा आहे, हेही.