मृगाआधीचा डबा

घरच्या भाजीबागेवर अंक काढायचा ठरला तेव्हा आमच्यापुढे पहिली यादी आली ती खरेदीची: ग्रो बॅग, कोकोपीट, नक्षीदार झारी. ती बाजूला सारली. दोन जुड्या कोथिंबिरीसाठी दोन हजार घालवायचे, तर मंडई काय वाईट?

खरा खर्च मातीचा, आणि ती घरातच तयार होते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळा आणि ऊन यांच्या जोरावर शेती कशी होते, हे अनेकांना शिकवलं. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, सोसायटीतला वाळका पाला, स्वयंपाकघरातली देठं-सालं. १५ लिटरच्या तेलाच्या डब्याला बुडाशी भोकं पाडायची, हे थर दाबून भरायचे, वर चार बोटं शेणखत-माती. काही आठवड्यांत थर निम्म्यावर बसतो. घाबरू नका, पुन्हा भरा.

बियाणं फडताळात आहेच. मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत डोकावतात, महिन्याभरात भाजी. धणे मात्र रगडून दोन दलं करावी लागतात. (माझी आजी चपलेखाली रगडायची, कोणती चप्पल, हे कधी विचारलं नाही.) त्यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात. पुदिन्याची पानं चटणीला, काड्या मातीत. टोमॅटो-वांग्याच्या नादी पहिल्या वर्षी लागू नये. खिडकीत ऊन कमी असेल तर मुळीच नाही. अळू मोरीच्या पाण्यावरही तरारतं.

मृग ७-८ जूनला लागतो. डबा त्याआधी भरलेला हवा.