आजीचे नाव, समासात

गोव्यातल्या चर्चच्या जुन्या वह्यांत सूझा हे आडनाव कुठे ‘एस’ने, तर कुठे ‘झेड’ने लिहिलेले सापडते. १९६१ पूर्वी जन्मलेल्या आजी-आजोबांच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व मागणाऱ्या नातवंडांचा अर्ज अशा एका अक्षरापायी अडू शकतो.

दुरुस्ती व्हायलाच हवी. पण खाडाखोड नको!

विवाहाचा दाखला, थडग्यावरचा लेख असे पुरावे पाहून पाद्रीबाबांनी समासात तारीख घालून शेरा लिहावा. मूळ शाई तशीच राहू द्यावी. पुढचा शोधणारा कदाचित त्याच चुकलेल्या स्पेलिंगवरून आजीपर्यंत पोहोचेल.

संगणकावरच्या वंशावळीतली चूक वेगळी. तिथे बऱ्याचदा नक्कल करणाऱ्याने हस्ताक्षरच चुकीचे वाचलेले असते. ते नाव मूळ पानाशी ताडून लगेच बदलावे.